वीरमातेकडून आपल्याला हवं असलेलं वाक्य

१५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला शाळेत शहीद जवानाच्या आईवडिलांना बोलावतात. शाल, श्रीफळ, फूल. मग माईक त्यांच्या हातात जातो आणि सगळं मैदान एका ठरलेल्या वाक्याची वाट बघतं: आणखी एक मुलगा असता तर तोही दिला असता. पुष्कळ आईबाप हे मनापासून बोलतात. पण ते वाक्य आलंच नाही तर?

नाशिकचं उदाहरण घेऊ. आमच्या शहापूर-मुरबाडकडच्यांना नाशिक परकं नाही, कसारा घाट चढलं की पुढचा तोच रस्ता. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. आतले सहा जण गेले आणि खाली जमिनीवरचा एक नागरिकही. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. बालाकोटचा हल्ला आदल्याच दिवशी झालेला, त्यामुळे ज्याच्या त्याच्या मोबाईलवर युद्ध पेटलं होतं. अशा वेळी निनाद यांच्या पत्नी विजेता म्हणाल्या की आम्हाला युद्ध नको, त्यात काय जातं ते तुम्हाला ठाऊक नाही. सोशल मीडियावर लढणाऱ्यांना एवढाच जोश असेल तर त्यांनी सैन्यात भरती व्हावं, हेही त्यांनी सुनावलं.

१ मार्चला नाशिकला अंत्यसंस्कार झाले. त्याच रात्री अभिनंदन वर्धमान वाघा सीमेवरून परतले आणि देश आनंदात बुडाला. आनंद खराच होता, त्याला नावं ठेवायची नाहीत. ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी सांगितलं की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, मोठी चूक झाली. युद्धात काय जातं, या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा जास्त कळला.

विजेताताईंचं कौतुक करणारे तरी पुष्कळ निघाले. पश्चिम बंगालच्या मिता सांत्रा यांच्या वाट्याला वेगळंच आलं. पती बबलू पुलवामात गेलेल्या ४० जवानांपैकी एक. मिताताई आपल्यासारख्याच शिक्षिका. युद्ध हा उपाय नाही एवढं म्हणाल्या, तर लोकांनी त्यांना भित्री ठरवलं आणि नवऱ्यावर प्रेम तरी होतं का, असं विचारलं! मत न पटणं वेगळं. ज्या घरातून तिरडी उठली त्या घराला प्रेमाचा दाखला मागायचा, हे कुठल्या देशप्रेमात बसतं?

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेच्या सिंडी शीहान यांचा मुलगा केसी ४ एप्रिल २००४ ला बगदादमध्ये मारला गेला. ऑगस्ट २००५ मध्ये ही आई टेक्सासमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या शेतघराजवळ रस्त्याकडेला तळ ठोकून बसली. माझा मुलगा कशासाठी मेला ते मला सांगा, एवढंच तिचं मागणं. लोक तिच्या सोबतीला येऊन बसले. तिथे मेलेल्या सैनिकांच्या नावांचे क्रूस रोवले होते, एकाने रात्री त्यांच्यावरून गाडी घातली. सैनिकांचा मान राखायला निघालेल्याने सैनिकांचीच नावं चिरडली. मात्र काही आईवडिलांनी आमच्या मुलाचं नाव इथून काढा असंही सांगितलं, कारण त्यांना ते युद्ध योग्य वाटत होतं. त्यांचंही दुःख तेवढंच खरं. म्हणून मुलांना शिकवताना मी सिंडीबाईंची बाजू एकटी सांगत नाही, हे क्रूस काढायला लावणारे आईबापही सांगतो.

आमच्या म्हशाच्या मुलांना हुतात्मा हा शब्द शिकवावा लागत नाही. सिद्धगड जवळ आहे. २ जानेवारी १९४३ ला तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं, हे चौथीचं पोरही सांगेल. वरच्या वर्गातली पोरं पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावतात. त्यांच्या आया तेव्हा चुलीपुढे असतात. त्यांना या सगळ्याबद्दल काय वाटतं, हे पालकसभेत कधी कोणी विचारत नाही.

यंदा नववीला ‘सैनिकाचे कुटुंब’ असा निबंध दिला होता. बहुतेकांनी तेच ते लिहिलं, तिरंगा, अभिमान, छाती फुगणे. एका मुलीचा भाऊ सैन्यात आहे. तिने लिहिलं: ‘दादा सुट्टी संपवून निघतो तेव्हा आई त्याच्याशी बोलत नाही. नुसती पिशवीत चटणी, पापड भरत राहते. तो गेल्यावर टीव्ही लावू देत नाही.’ बस, एवढंच. आमचे एक सहकारी म्हणाले, “सर, यात देशप्रेम कुठंय? दोन मार्क कापा.”

मी दहापैकी नऊ दिले. एक गेला तो शुद्धलेखनाचा.