परत पहिल्यापासून

समुपदेशन केंद्र सुरू करायला काय काय लागतं, हे मी तुम्हाला तोंडपाठ सांगू शकते. एक खोली, आतलं बोलणं बाहेर ऐकू येणार नाही अशी. दोन खुर्च्या, एक टेबल, पंखा, पाण्याचा जार, टिश्यूचा डबा, कुलूप लागणारं कपाट. बाहेर वाट बघत बसायला एक बाक. आणि एक माणूस.

माणूस सोडून बाकी सगळं एकदाच विकत घ्यावं लागतं. त्याचं बिल होतं, त्यावर नंबर टाकता येतो, उद्घाटनाला फोटो निघतो. माणसाला मात्र दर महिन्याला पगार लागतो. पुढच्या महिन्यात परत लागतो. आणि त्याच्या कामाचा फोटो काढता येत नाही, कारण दार बंद असतं.

मी काउन्सेलर नाही. मी बीकॉम आहे. तीन वर्षं एका छोट्या संस्थेत हिशेब लिहिले. ही संस्था एका महापालिकेच्या पैशावर अठरा ते तीस वयाच्या मुलामुलींसाठी असं केंद्र चालवायची. शहराचं नाव लिहीत नाही, कारण तिथे येणारी मुलं ओळखू यायला नकोत.

कोण यायचं? स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, कॉट बेसिसवर राहणारी मुलं. फूड डिलिव्हरी करणारी. घरच्यांनी बाहेर काढलेली एक ट्रान्स मुलगी. आणि बालगृहात वाढलेली मुलं. बालगृहातल्या मुलाला अठरावं वर्ष लागून संपलं की तिथून निघावं लागतं. कायद्यात २१ वर्षांपर्यंत त्याला आधार द्यायची तरतूद आहे, पण ती प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत त्याला खोली, काम, आधार कार्डावरचा पत्ता हे सगळं स्वतःच बघावं लागतं. आपण अठराव्या वाढदिवसाला केक कापतो. आमच्याकडे येणाऱ्या एकाने सांगितलं होतं, की त्याने त्या दिवशी बॅग भरली.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या १,७६४ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. हा आकडा बातम्यांत आला, त्यावर चर्चा झाल्या. पण या अहवालात माणसाची नोंद त्याच्या कामधंद्याप्रमाणे होते. कॉलेज सोडून बाइकवर पार्सल पोचवणारा मुलगा ‘विद्यार्थी’ या रकान्यात येतच नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात जातो, आणि त्या रकान्यावर कोणी परिसंवाद घेत नाही.

आमच्याकडे दर मंगळवारी दुपारी साडेतीनला असाच एक मुलगा यायचा. दुपारच्या जेवणाच्या ऑर्डरी संपल्यावर आणि संध्याकाळच्या सुरू व्हायच्या आधी. हेल्मेट बाकावर ठेवायचा, फोन सायलेंटवर टाकायचा. पहिले दोन महिने तो आत जाऊन जवळपास काही बोललाच नाही, असं ताईंनी मला एकदा सहज सांगितलं. ताई म्हणजे आमच्या काउन्सेलर. काय बोलला, काय नाही, हे त्या कधीच सांगायच्या नाहीत. पण ‘आज तो बोलला’ एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. माझ्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव नव्हतं, एक नंबर होता आणि त्यापुढे सह्या होत्या. नऊ महिन्यांत त्याचे दोनच मंगळवार चुकले.

मग मार्च आला.

ज्यांनी सरकारी पैशावर चालणारं काम जवळून पाहिलंय, त्यांना मार्च म्हणजे काय हे सांगायला नको. बिलं, व्हाउचर, उपयोगिता प्रमाणपत्र, ‘निधी परत जाईल’ची धमकी. ३१ मार्चला वर्ष संपतं आणि १ एप्रिलला नवं सुरू होतं, पण ते कागदावर. नव्या वर्षाची मंजुरी कधी एप्रिलमध्ये येते, कधी जूनमध्ये. ताईंचा करार अकरा महिन्यांचा होता. अकराच का, तर बारा झाले की माणूस कायम नोकरीवर हक्क सांगेल अशी सगळ्यांना भीती असते.

कायम नोकरी का देत नाहीत, यालाही कारण आहे. आपल्या राज्यात महापालिकांच्या आस्थापना खर्चावर, म्हणजे पगार-भत्ते वगैरेंवर, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांची मर्यादा धरली जाते. ती ओलांडली की नवी भरती अडते. हेतू चांगला आहे, सगळा कर पगारातच जाऊ नये. पण याचा परिणाम असा होतो, की रस्ता बांधणं ही ‘गुंतवणूक’ ठरते आणि माणूस नेमणं हा ‘बोजा’. मग जे काम फक्त माणसानेच होतं, ते योजना, मानधन, कंत्राट आणि संस्था यांच्यामार्फत होतं. थोडक्यात, अकरा महिने होतं.

त्या वर्षी मंजुरी यायला चार महिने लागले. विचारायचं तर कुणाला? २०२२ नंतर राज्यातल्या कितीतरी महापालिकांवर प्रशासक बसले होते; प्रभागात जाऊन ज्याचं दार वाजवावं असा नगरसेवकच नव्हता. ताईंनी दोन महिने बिनपगारी काम केलं. त्यांच्या घरी सासूबाईंचं डायलिसिस चालू होतं. तिसऱ्या महिन्यात त्यांना एका शाळेत नोकरी मिळाली आणि त्या गेल्या. जायच्या आधी प्रत्येकाला त्यांनी नीट सांगितलं, निरोप घेतला. त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

ऑगस्टमध्ये नव्या ताई आल्या. चांगल्या होत्या, शिकलेल्या होत्या. मंगळवारी तो मुलगा आला. मी त्याला नवा फॉर्म दिला. नाव, वय, राहण्याचा पत्ता, ‘तुमची अडचण थोडक्यात लिहा’. त्याने पेन हातात धरलं आणि मला विचारलं, “मॅडम, परत पहिल्यापासून सांगायचं का?”

तो आणखी दोन मंगळवार आला. नंतर आला नाही. त्याच्या फोनवर आधी रिंग जायची, मग नंबर अस्तित्वात नाही असं सांगायला लागले. यापुढे त्याचं काय झालं, हे मला माहीत नाही. तो बरा असेल. दुसऱ्या शहरात गेला असेल. माझ्या रजिस्टरमध्ये त्याच्या नंबरासमोर ‘सेवा घेणे थांबवले’ असं लिहावं लागलं, कारण तेवढाच पर्याय होता. ‘सेवा देणे थांबले’ असा रकानाच नाही.

याच काळात ऑक्टोबर आला. १० ऑक्टोबर म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन. बॅनर छापून आले, हिरव्या रिबिनी आल्या, ‘बोला, मन मोकळं करा’ असं लिहिलेला एक सेल्फी पॉइंट आला. या जागृतीला माझा विरोध नाही. तिच्यामुळे माझ्या आईलासुद्धा आता डिप्रेशन हा शब्द कळतो. पण ‘बोला’ असं सांगणाऱ्याने ऐकायला कुणीतरी बसवलेलं असावं लागतं, आणि ते पुढच्या आठवड्यातही तिथेच असावं लागतं.

हेल्पलाइन आहेत की, असं लोक म्हणतात. आहेत, आणि त्या उपयोगी आहेत. टेली-मानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीतही. रात्री दोन वाजता छातीवर दगड ठेवल्यासारखं होत असेल तर हा नंबर लावा, मी स्वतः मैत्रिणीला लावून दिलाय. पण पुढच्या वेळी तोच आवाज मिळेल याची खात्री नसते. आग विझवायला अग्निशमन दल हवंच. रोजच्या स्वयंपाकाला मात्र दुसरंच कुणीतरी लागतं.

हे मला कळलं ते हिशेब लिहायच्या बऱ्याच आधी. मीही पुण्यात दोन वर्षं एमपीएससी केली आहे. एका खोलीत पाच जणी, प्रत्येकीची एक कॉट आणि कॉटखाली एक ट्रंक. दुसऱ्या वर्षी पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यावर मी मेसला जाणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी मेसवाल्या काकूंनी एका मुलीच्या हाती डबा पाठवला आणि निरोप दिला, “उद्या ये, नाहीतर मीच येते वर.” काकूंना मानसशास्त्र येत नव्हतं. पण त्या रोज तिथे होत्या, आणि मी आले नाही हे त्यांच्या लक्षात आलं. शहरात नव्याने आलेल्या माणसाला आपली गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येणं, ही फार मोठी गोष्ट असते.

आपल्या शहरांना हे परवडणार नाही, असं वाटत असेल तर हरारेचं उदाहरण बघा. झिम्बाब्वेची ही राजधानी काही श्रीमंत नाही. २००६ मध्ये तिथल्या म्बारे या वस्तीत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाला काम सुरू करायचं होतं. पैसे नव्हते, दवाखान्यात खोली नव्हती. त्याला मिळाल्या चौदा आज्या. त्या शहराच्या आरोग्य खात्याच्याच वस्तीपातळीवरच्या आरोग्यसेविका होत्या. त्याने त्यांना प्रशिक्षण दिलं आणि दवाखान्याबाहेर लाकडी बाक टाकले. त्या बाकावर बसून आज्या लोकांचं ऐकायच्या, एकेक अडचण सोडवायला मदत करायच्या. ५७३ जणांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज्यांशी बोललेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी इतरांपेक्षा बराच कमी झालेला होता.

जगभर त्या बाकाचे फोटो गेले. मला हिशेबनीस म्हणून त्यात वेगळीच गोष्ट दिसते. आज्या आधीपासूनच शहराच्या आरोग्य खात्यात काम करत होत्या, आणि त्या लोकांमधल्याच होत्या. मार्च संपला म्हणून त्या कुठे जाणार नव्हत्या.

आपल्याकडेही हे अगदी अनोळखी नाही. गोव्यात साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर यशस्वी काम केल्याचे अभ्यास आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर ही महापालिकेचीच रुग्णालयं आणि तिथे मानसोपचार विभाग आहेत. तिथे डॉक्टर बदलतात, पण विभाग मात्र ३१ मार्चला बंद होत नाही. कारण ती योजना नाही. तिथे पदं मंजूर आहेत.

‘मंजूर पद’ हा शब्द कविता वाटावा असा नाही, पण सध्या तो माझा आवडता शब्द आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्क दिलाय, तीही परवडणारी आणि जवळ असलेली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. चांगलं झालं. पण जो कुठल्याच संस्थेच्या पटावर नाही, त्याच्यासाठी शहरच उरतं. तो शहराचे रस्ते वापरतो, शहराला जेवण पोचवतो.

महापालिकेचं अंदाजपत्रक बहुतेक वेळा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मांडलं जातं आणि पुष्कळ महापालिका ते वेबसाइटवर टाकतात. जाड पीडीएफ असते, फोनवर उघडायला वेळ लागतो. तरी उघडा. आरोग्य विभागाच्या पानांवर जा. ‘मानसिक आरोग्य’समोर किती लाख लिहिलेत, हे बघून लगेच खूश किंवा नाराज होऊ नका. ते पैसे कशासाठी आहेत ते बघा. शिबिर, साहित्य, प्रसिद्धी, की पगार? समुपदेशकाची किती पदं मंजूर, किती भरलेली? नसेल कळत तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. प्रभागात नगरसेवक असेल तर त्याला बाकड्यासोबत बाकड्यावर बसणारं माणूसही मागा, निदान पाच वर्षांसाठी.

आमच्या ताईंना मी परवा फोन केला होता. शाळेत बऱ्या आहेत, पगार वेळेवर होतो. मंगळवारी साडेतीनला त्यांना आठवीचा तास असतो. म्हणाल्या, “अजून त्या वेळेला माझं लक्ष दाराकडे जातं गं.”