राजाचा वंश

वंश वाढावा ही हौस माणसाची. पण ती तो आपल्या कुत्र्यावरही लादतो. दशरथाने पुत्रकामेष्टी केली ती स्वतःसाठी. भाईंदरचे आमचे शेजारी ती आपल्या राजासाठी करायला निघाले होते.

राजा म्हणजे पाच वर्षांचा लॅब्राडॉर. संध्याकाळी खाडीकडे फिरायला निघाला की साऱ्या मिठागरांचा मालक वाटावा! तीन माद्यांशी त्याची सोयरीक झाली. पिल्लू एकही नाही. दर वेळी शेजाऱ्यांचा निकाल ठरलेला, "मास्तर, मादीच वांझ निघाली हो!" पुढे तिसरी मादी दुसरीकडे दिली आणि ती सहा पिल्लांची आई झाली. तेव्हा कुठे राजाला डॉक्टरकडे नेले.

"पुरुषी हार्मोनचं एक इंजेक्शन दिलं की झालं ना?" शेजाऱ्यांनी विचारले. परळला 1886 साली निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेला तो तरुण डॉक्टर हसला. टेस्टोस्टेरॉन बाहेरून टोचले, की आयता माल आलेला पाहून मेंदूतळीची पिट्युटरी ग्रंथी आपले हुकूम थांबवते आणि शुक्रजंतू घडवण्याचे काम उलट मंदावते. त्या ग्रंथीच्या हुकमांची जागा घेणारी इंजेक्शने आहेत. पण मुळात हुकूमच कमी पडत असतील तरच त्यांचा खरा उपयोग, आणि असे कुत्रे थोडे. म्हणून आधी वीर्य तपासायचे, ब्रुसेलासाठी रक्त तपासायचे, ताप येऊन गेला का ते विचारायचे. मग थांबायचे. कुत्र्याचे शुक्रजंतू घडायला सुमारे 62 दिवस लागतात. वर मुरायला पंधरवडा. मौज अशी, की कुत्रीचा गर्भकाळही जवळजवळ तेवढाच! बापाची तयारी आणि आईचे ओझे निसर्गाने एकाच मापाने मोजले.

राजाचे शुक्रजंतू फारच थोडे निघाले. फेरतपासणीची अडीच महिन्यांनंतरची तारीख शेजाऱ्यांनी कालनिर्णयावर लिहून ठेवली, आणि तिन्ही माद्यांच्या मालकांना आपणहून फोन केले.

मला मात्र आजीची थोरली जाऊ आठवली. मूल नाही म्हणून तिच्यावर सवत आली. सवतीलाही मूल झाले नाही. तरी थोरल्या आजोबांना तपासून घ्या, असे म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आजी सांगे, दिवाळीत तिच्या अनारशांना साऱ्या आळीत तोड नव्हती. पण कुणाच्या बारशाच्या घुगऱ्या मात्र तिला बाहेर ओटीवरच मिळत.