क्षेपणास्त्रनिवारणाचा जमाखर्च

संपादकमहाशयांच्या पत्रात ‘सामान्य वाचकाला कळेल असे लिहा’ अशी अट होती. ती मी मान्य केली खरी, परंतु पुण्याच्या संरक्षण-प्रयोगशाळेत घन इंधनाच्या कामात ज्याची हयात गेली आणि जो आता झरीला वडिलार्जित जमिनीच्या सातबाऱ्यात डोके घालून बसला आहे, त्याच्या हातून ती कितपत पाळली जाईल याची हमी देववत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमच्या जिल्ह्याची फुशारकी सर्वश्रुत आहे. पण पहिले बॅलिस्टिक क्षेपणास्त्र, व्ही-२, त्याच जर्मनीने ८ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनवर डागले आणि हवेत ते अडविण्याचे कोणतेही साधन ब्रिटिशांपाशी नव्हते, हे ती मिरविणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या गावी असते.

झरीच्या स्टँडवर उतरलो की “काका, इस्रायलवानी आपल्यावर छत कवा बसणार?” हा प्रश्न ठरलेला. मला त्याचा कंटाळा येतो, कारण विचारणाऱ्याच्या मनातले छत जवळून सुटणाऱ्या लहान रॉकेटांसाठी आहे. दीड-दोन हजार किलोमीटरांवरून येणाऱ्या क्षेपणास्त्राचे प्रकरणच निराळे. त्याचे इंजिन पहिल्या काही मिनिटांतच बंद होते व पुढचा सारा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या हवाली असतो; सबब रडारने मार्गाचा थोडासा भाग टिपला की ते कोठे पडणार याचे गणित मांडता येते. अडचण वेगाची आहे असे लोक समजतात. मला विचाराल तर ती निवडीची आहे. निर्वात अवकाशात स्फोटकाग्र आणि त्याच्यासोबत सोडलेले पोकळ फुगे एकाच वेगाने, एकाच वाटेने जातात; ज्वारीचा दाणा आणि भूस वाऱ्यावर उफणल्याखेरीज जसे वेगळे होत नाहीत तसेच हे, आणि येथे तो वारा म्हणजे आपले वातावरण, ज्यात शिरताच हलके फुगे मागे रेंगाळतात व जड अग्र पुढे निघते. मात्र तोवर हाती मिनिटभराचाही अवधी उरलेला नसतो. म्हणूनच आपल्याकडे दुपदरी बंदोबस्ताची तजवीज झाली: २७ नोव्हेंबर २००६ रोजी ‘पृथ्वी एअर डिफेन्स’ने सुमारे ५० किलोमीटर उंचीवर, आणि ६ डिसेंबर २००७ रोजी ‘ॲडव्हान्स्ड एअर डिफेन्स’ने १५ किलोमीटरांवर लक्ष्य पाडले. त्या दोन्ही दिवसांचा मला आजही अभिमान वाटतो आणि तो लपविण्याचे कारण दिसत नाही.

तथापि लक्ष्य पडले ही नोंद कोणी व कशाच्या आधारे केली, हे विचारावेच लागते. १९९१च्या आखाती युद्धात ‘पॅट्रियट’ या अमेरिकी निवारक अस्त्राने ४२ पैकी ४१ इराकी स्कड क्षेपणास्त्रे अडविल्याचे दस्तुरखुद्द अध्यक्ष बुश यांनी सांगितले, पुढे अमेरिकी लष्करानेच हा आकडा सौदी अरेबियात ७० व इस्रायलमध्ये ४० टक्क्यांवर आणला, आणि एमआयटीचे थिओडोर पोस्टल यांनी दूरचित्रवाणीच्या फिती तपासून तो जवळजवळ शून्यावर नेला. लष्कराच्या कैवाऱ्यांचे म्हणणे असे की, सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमधल्या काळात ही अस्त्रे परस्परांकडे शंभरेक मीटर सरकतात, तेव्हा स्फोट किती अंतरावर झाला हे त्या फितींवरून ठरणार नाही. आणि ते बरोबर आहे. पण ज्या फितींत जमिनीवर आदळून स्फोट झाल्याचा लखलखाट स्पष्ट दिसतो, तेथे अग्र शाबूत होते हे सांगायला आणखी कोणता कॅमेरा हवा? माझ्या मते पोस्टल यांचा पुरावा आकाशापुरता लंगडा आणि जमिनीपुरता भक्कम आहे. मौज अशी की, पल्ला वाढविण्यासाठी इराकने लांबविलेली ती स्कड वातावरणात शिरताना आपोआपच मोडत आणि पॅट्रियट त्यांच्या तुकड्यांमागे धावत. म्हणजे शत्रूने मुद्दाम काही न सोडताही निवडीची पंचाईत झालीच. वाचक येथे जांभई देत असेल, याची मला कल्पना आहे.

२४ जुलै २०२४ रोजी ओडिशात आपल्या याच बंदोबस्ताच्या दुसऱ्या टप्प्याच्या अस्त्राची चाचणी झाली, सायंकाळी ४.२० वाजता धामऱ्याहून लक्ष्य सुटले, ४.२४ वाजता चांदीपूरहून आपले अस्त्र निघाले, आणि ५,००० किलोमीटर पल्ल्याच्या वर्गापासून बचावाची क्षमता सिद्ध झाल्याचे सरकारने जाहीर केले. या वर्गाचा वेग सेकंदाला सहा किलोमीटरांच्या घरातला. सेकंदाच्या हजाराव्या भागाची चूक म्हणजे सहा मीटरांची चूक. हे साधणे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण लक्ष्य आपले, वेळ आपल्याच दप्तरी नोंदलेली, आणि आसपासच्या गावांतली माणसे आगाऊ हलविलेली. शत्रू अशी वर्दी देऊन येत नाही.

माझ्या खात्याचे मात्र कोणी काही विचारतच नाही. अमोनियम परक्लोरेटचे स्फटिक, ॲल्युमिनियमची पूड आणि रबरी बंधक एकत्र मळून झालेला राखाडी लगदा निर्वातात साच्यात ओततात व मंद उष्णतेवर काही दिवस मुरू देतात. त्यात एखादी पोकळी राहिली किंवा कडेचा थर कवचापासून सुटला, तर ज्वाला तेथे शिरून जळते क्षेत्र एकाएकी वाढते आणि दाबाने मोटर फुटते. म्हणून मोटरी क्ष-किरणांखाली जातात, आणि चित्रात नसावा तेथे बारीकसा डाग दिसला की टेबलावरचा चहा निवून जातो. शिवाय हे इंधन वर्षानुवर्षे नळीत पडून राहते व बंधक हळूहळू कडक होत जाते. चाचणीत उडते ते बहुधा नवे, प्रसंगी उडावे लागेल ते आठ-दहा वर्षांचे जुने. साठ्यातल्या काही मोटरी वेळोवेळी काढून, चिरून, जाळून पाहणे हाच त्यावर इलाज. आणि त्या खर्चाच्या मागणीवर ‘चांगल्या मालाची नासाडी कशासाठी?’ असा शेरा मारणारा एक तरी साहेब प्रत्येक दप्तरात असतोच.