समान अंतरावरच्या मूळ संख्या

१९९ पासून निघावे आणि दर वेळी २१० मिळवत जावे. ४०९, ६१९, ८२९, १०३९, १२४९, १४५९, १६६९, १८७९, २०८९. सुरुवातीच्या १९९ सह दहाच्या दहा मूळ संख्या! पुढची २२९९ मात्र ११ ने भागली जाते आणि श्रेढी तुटते.

हा २१० चा फरक सहज जुळून आलेला नाही. २, ३, ५ आणि ७ यांचा तो गुणाकार. फरकाला ७ ने भाग जात नसेल, तर ओळीने सात पदे घेतली की ० ते ६ या सगळ्या बाक्या एकेकदा येतातच. मग एक पद ७ च्या पटीतले निघणार, आणि ते खुद्द ७ नसेल तर खेळ संपला. म्हणूनच श्रेढी लांबवायची तर फरक अफाट वाढवावा लागतो. २०१९ मध्ये प्राइमग्रिड या प्रकल्पात, जगभरच्या लोकांनी आपापले संगणक कामाला लावून, २७ पदांची श्रेढी शोधली. तिचे पहिलेच पद अठरा अंकी आहे.

सत्तावीस! एवढ्या संगणकांच्या श्रमांचे फळ एवढेच. पण त्याआधी पंधरा वर्षे, २००४ मध्ये, बेन ग्रीन आणि टेरेन्स टाओ या गणितज्ञांनी सिद्ध केले होते की शंभर, लाख, कोटी, हव्या तितक्या पदांची अशी श्रेढी मूळ संख्यांत असतेच.

या सिद्धतेचे मोल कोणत्याही विक्रमाहून मोठे आहे. गणितज्ञ सेमेरेदी यांनी १९७५ मध्ये दाखवले होते की पूर्णांकांतला ठरावीक हिस्सा कायम व्यापणाऱ्या कुठल्याही संचात लांबच लांब श्रेढी सापडतात. मूळ संख्या तसा हिस्सा टिकवत नाहीत. हजारापर्यंत त्या १६८ आहेत, दहा लाखांपर्यंत ७८,४९८; म्हणजे जसजसे पुढे जावे तसतशा विरळ. ग्रीन-टाओ यांनी ‘जवळपास मूळ’ अशा संख्यांचा मोठा संच घेतला. त्यात मूळ संख्यांचा वाटा नगण्य राहत नाही. मग सेमेरेदींचा निष्कर्ष त्यांनी त्या संचात नेला. कुठलीही संख्या प्रत्यक्ष न शोधता तिच्या असण्याची अशी खात्री मिळावी, हे गणिताचे खरे वैभव.

तरी एक साधा प्रश्न उरतोच. ४७, ५३, ५९ या लागोपाठच्या मूळ संख्या. मध्ये दुसरी मूळ संख्या नाही आणि अंतर समान. अशी त्रिकुटे अनंत आहेत का, हे अजून कोणीही सिद्ध केलेले नाही.