सहा बश्या आणि एक किटली

जे. कृष्णमूर्तींची व्याख्याने ऐकण्यासाठी हॉलंडला गेलेल्या बीट्रिस वुड या अमेरिकन बाईंनी तिथल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून सहा बश्या विकत घेतल्या. बश्यांवर लस्टरची झिलई होती. बशी जरा कलती केली की तिच्यावरून मोराच्या पिसावरून फिरावे तसे रंग फिरत. घरी परतल्यावर या बश्यांना शोभेल अशी चहाची किटली हवी असे त्यांच्या मनाने घेतले. बाजारात ती मिळेना, तेव्हा आपणच करावी, दिवसाभराचे तर काम, अशा समजुतीने १९३३ साली त्यांनी लॉस एंजेलिसमधील हॉलिवुड हायस्कूलमध्ये प्रौढांसाठी चालणाऱ्या मातीकामाच्या वर्गात नाव घातले. त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. ‘या वयात आता हे कशाला?’ असे विचारण्याची रीत आपल्याकडेच आहे असे मानण्याचे कारण नाही.

किटली दिवसाभरात झाली नाही. वर्गात जमल्या त्या काही ओबडधोबड बश्या आणि लहान लहान आकृती. किटली हा मातीकामातला अवघड प्रकार आहे. पोट, झाकण, तोटी आणि कान हे चार भाग वेगवेगळे घडवून, ओलावा सारखा असतानाच जोडावे लागतात. एक भाग लवकर वाळला तर जोडाशी चीर पडते. हे सारे नीट जमले तरी तोटीतून चहा थेंब न सांडता पडेल याची खात्री नसतेच.

प्रौढपणी शिकणाऱ्याचे खरे दुःख मात्र वेगळे असते. आपल्याकडे कुंभारवाड्यातले पोर चालायला लागते तेव्हापासून चिखलात हात घालते. चांगले मडके कोणते हे त्याला कळू लागते तेव्हा त्याचा हात ते करू लागलेला असतो. वुडबाईंचे नेमके उलटे होते. सधन घरातली ही मुलगी तरुणपणी पॅरिसमध्ये चित्रकला आणि अभिनय शिकली. पुढे न्यूयॉर्कमध्ये मार्सेल दुशाँ यांच्यासारख्या, अवघ्या कलाविश्वाला धक्का देणाऱ्या कलावंतांच्या बैठकीत ती वावरली. १९१७ साली दुशाँ आणि रोशे यांच्यासह ‘द ब्लाइंड मॅन’ नावाचे छोटे नियतकालिक काढण्यातही तिचा वाटा होता. उत्तम काय हे तिच्या डोळ्याला पुरते ठाऊक होते, आणि चाकावरचा हात मात्र पहिल्या दिवशीच्या पोराइतका कोरा होता. आपण केलेले भांडे वाईट आहे हे ज्याला स्वच्छ दिसते आणि तरी दुसरे करता येत नाही, त्याने रोज उठून चाकाशी बसायचे म्हणजे मानहानीला रोज सामोरे जाण्यासारखेच असते.

चाकावर पहिली परीक्षा असते ती मातीचा गोळा मध्यावर आणण्याची. गोळा चाकाच्या मध्यापासून तसूभर जरी सरकलेला असला तरी प्रत्येक फेऱ्यात हाताला धक्का देतो. नवशिका बोटांनी झटतो, आणि बोटांचा जोर मातीपुढे चालत नाही. कोपर मांडीला वा बरगडीला टेकवून, सारे अंग स्थिर करून हात नुसता धरून ठेवायचा असतो. हात हलला नाही म्हणजे माती आपोआप त्याच्या ओळीत येते. मग अंगठ्याने खळगा पाडायचा आणि आतून-बाहेरून बोटे लावून भिंत वर उचलायची. भिंत कुठे जाड, कुठे पातळ राहिली की पुढच्याच फेऱ्यात सारे कोसळते.

१९३८ साली लॉस एंजेलिसच्या नदीला महापूर आला आणि बाईंचे घर त्यात वाहून गेले. वडिलोपार्जित सुखाशी संबंध केव्हाच तुटला होता, लग्नानेही आधार दिला नव्हता, आणि वय पंचेचाळीस. आता माती हा विरंगुळा राहिला नाही, तिच्यावर पोट भरायचे होते. त्याच वर्षी त्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्लेन ल्यूकन्स यांच्या वर्गात बसल्या. त्या वर्गात सर्वांत उत्सुक आपणच होतो आणि सर्वांत कमी गुणी विद्यार्थिनीही आपणच, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. ही नम्रता नसावी. त्या काळातले त्यांचे काम पाहिले तर ते साधे खरे बोलणे वाटते.

पुढे गर्ट्रूड आणि ऑटो नात्स्लर हे नाझींच्या राज्यातून निसटून आलेले व्हिएन्नाचे दांपत्य त्यांना गुरू म्हणून लाभले. गर्ट्रूड चाकावर बसत आणि अतिशय पातळ, डौलदार भांडी उचलत. झिलईचे काम ऑटो पाहत. दोघांनी वाटून घेतलेली ही दोन कामे वुडबाईंना एकटीने शिकायची होती. गर्ट्रूड यांच्यासारखा हात त्यांना आला नाही, कधीच आला नाही. भांड्याचा काठ किंचित कलता राही, पोटावर बोटांच्या खुणा राहत.

पृष्ठभागावर मात्र त्यांचा जुना हात कामी आला. रेखाटने त्या आयुष्यभर करत आल्या होत्या, आणि ओल्या मातीवर टोकदार काडीने माणसे, पक्षी, मासे ओरखडून काढणे त्यांना सहज जमे. याच सोयीत धोकाही असतो. प्रौढ विद्यार्थ्याला नक्षीची घाई होते, कारण नक्षीखाली आकाराचे दोष लपवता येतात. वुडबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत हे विशेष. त्यांनी झिलईचे रसायन धरले आणि नाना मिश्रणे करून पाहिली.

लस्टरची जुनी रीत अशी की झिलई देऊन भाजलेल्या भांड्यावर चांदी वा तांब्याच्या क्षारांनी चित्र काढायचे आणि कमी आचेवर ते पुन्हा भाजायचे. वुडबाई हे क्षार झिलईतच मिसळत. भट्टी निवू लागली की तिच्यात धूर कोंडून प्राणवायू तोडायचा. त्या घुसमटीत क्षारांतला धातू मोकळा होतो आणि पृष्ठभागावर त्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. तोच मग झळाळतो. धूर थोडा लवकर झाला, उशिरा झाला, कमी पडला, तर भांडे मळकट निघते. वहीत कितीही लिहून ठेवले तरी दोन भट्ट्या सारख्या उतरत नाहीत. आपला शब्द शेवटचा नाही हे मान्य करायला मुरलेल्या माणसाला तरुणापेक्षा सोपे जात असावे.

१९४८ साली त्या कॅलिफोर्नियातल्याच ओहाय या गावी, कृष्णमूर्तींच्या घराजवळ, राहायला गेल्या. १९६१ साली कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या निमंत्रणावरून त्या भारतात आल्या, आपले काम त्यांनी इथे दाखवले आणि इथली लोककला डोळे भरून पाहिली. त्यानंतर साडी आणि चांदीचे भरघोस दागिने हाच त्यांचा वेश झाला. चाकावर बसतानाही साडीच असे. आहार शाकाहारी, मद्य वर्ज्य. दीर्घायुष्याचे रहस्य विचारणाऱ्यांना मात्र त्या चॉकलेट आणि तरुण मुले असे मिस्कील उत्तर देत. ‘टायटॅनिक’ चित्रपटातल्या वृद्ध रोझचे चित्र रेखाटताना दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांच्यापुढे त्यांचेच उदाहरण होते.

त्यांचे सर्वांत नावाजलेले काम, ते उंच, अनेक कानांचे, सोन्यासारखे झळकणारे पेले, बरेचसे ऐंशी-नव्वदीतले आहे. शंभरी उलटल्यावरही त्या कार्यशाळेत जात. १२ मार्च १९९८ रोजी, एकशे पाचवा वाढदिवस होऊन नऊ दिवसांनी, त्या गेल्या. संग्रहालयात त्यांचा एखादा पेला काचेआड ठेवलेला असतो. जरा वाकून पाहिले की झळाळीखाली काठाचा कल दिसतो, आणि पोटावर बोटांच्या खुणाही.