पत्र्यावर पांढरा हात

बीड जिल्ह्यातल्या गंजत चाललेल्या पत्र्यांना दरवर्षी चुन्याचा पांढरा हात द्यायला हवा, हे माझं म्हणणं कुणाला नवं खूळ वाटेल. पण इथलं छप्पर पूर्वीही दरवर्षी सेवा मागतच होतं. लाकडी सरांवर किलचण, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असं माळवद असायचं. मृगाआधी त्यावर नवी माती चोपली नाही, तर ते गळायचं. त्या थरातून दुपारचं ऊन खोलीत उतरेपर्यंत दिवस कलायचा, हा त्याचा मोठा गुण. मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींसह हेच ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं, हजारो जीव गेले. त्यानंतर मराठवाड्यात अनेकांनी माळवद उतरवून पत्रे टाकले, ते योग्यच केलं. ‘माळवदाकडे परत चला’ म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. बिघडलं ते एवढंच की, पत्रा एकदा ठोकला की पुन्हा वर चढायचं कारण नाही, असा समज रुजला.

जस्ताचा नवा पत्रा चकाकतो, पुष्कळसं ऊन परतवतो. तरीही तो तापतो, कारण आत मुरलेली उष्णता बाहेर टाकायला जस्त फार मंद असतं. तांबूस पडलेल्या पत्र्याला तर ऊन परतवणंही जमत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा असा पत्रा साठ अंशांच्याही पुढे तापू शकतो, आणि त्याखाली बाळंतीण, म्हातारी माणसं, दुपारची झोपलेली लेकरं असतात. पांढरा थर ऊनही परतवतो आणि मुरलेली उष्णताही आकाशाकडे सोडतो. खालच्या खोलीत साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम त्याला जोडलं. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. पत्र्याच्या आयुष्याचं गणितही यातच आहे. रोज तापून फुगणारा आणि रात्री आकसणारा पत्रा मोळ्यांची भोकं सैल करतो, वॉशर कडक होऊन चिरतात आणि गळती तिथूनच सुरू होते. पत्रा कमी तापला की ही ओढाताणही कमी होते.

चुना पावसात धुऊन जातो, हा आक्षेप खरा आहे. चुन्याने गंज थांबत नाही, हेही खरं. उलट ओला चुना जस्ताला चावतो. म्हणून आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडून, भोकं बुजवून प्रायमर द्यावा आणि मगच पांढरा हात मारावा. ऐपत असेल तर बाहेरच्या भिंतींचा ॲक्रिलिक रंग वापरावा, तो काही वर्षं टिकतो. धुळीने पांढरेपणा मळतो, तर उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा झाडू फिरवावा. राहिला थंडीचा प्रश्न. इतर ठिकाणी तो विचारात घ्यावा लागतो, पण केज, धारूर, पाटोदा, शिरूरकडच्या ऊसतोड कुटुंबांची घरं हिवाळाभर बहुधा कुलूपबंद असतात. माणसं कारखान्यावर कोपीत राहतात आणि हंगाम संपवून घरी परततात, ती नेमकी चैत्र-वैशाखाच्या उन्हात. या घरांसाठी थंडीचा तोटा जवळजवळ नाहीच. शिवाय परतीचा पाऊस सरल्यावर दिलेला चुना पुढच्या जूनपर्यंत सहसा धुऊन जात नाही. म्हणजे हे काम वैशाखात नव्हे, दसरा-दिवाळीच्या दरम्यान व्हायला हवं. ग्रामपंचायतींनी प्रायमर, चुना आणि कुंचले तेव्हाच पुरवावेत. टोळ्या एकदा गाडीत बसल्या, की छपरावर चढू शकणारे हात गावात फारसे उरत नाहीत.