अंधाऱ्या खोलीतील डोळे

रोममध्ये शिकणाऱ्या परदेशी धर्मगुरूंना उन्हाळ्याच्या सुटीत जर्मनीतील एखाद्या धर्मग्रामात पाठविण्याची रीत आहे. तेथील धर्मगुरू महिनाभर रजेवर जातो आणि त्याच्या जागी आपल्यासारखा कोणी मोडक्यातोडक्या जर्मन भाषेत मिस्सा अर्पण करतो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये मी असाच ऱ्हाइन नदीकाठच्या एका लहानशा गावी होतो. पहिल्याच रविवारी मिस्सा आटोपल्यावर वेदीवरील फुलांची व्यवस्था पाहणाऱ्या, साठीला टेकलेल्या एक बाई माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "हेर फार्रर, डावीकडची मेणबत्ती कलली आहे." मी निरखून पाहिले. मला ती सरळच दिसली. बाईंनी आतून पट्टी आणून उभी धरली, तेव्हा कोठे त्यांचे म्हणणे मला पटले.

सेमिनरीत जाण्यापूर्वी मी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती, हे कळल्यावर त्यांनी मला कॉफीला बोलाविले. शेजारच्या शहरातील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरी केली होती. (कोणत्या विद्यापीठात, हे येथे लिहीत नाही.) मी विचारले, "कसले काम?" त्या म्हणाल्या, "एकोणीस वर्षे अंधारात बसून रेघा पाहिल्या."

या रेघांची हकीकत सांगायची तर थोडे मागे जावे लागेल. डोनाल्ड ग्लेसर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये बुद्बुद-कोठीचा, म्हणजे बबल चेंबरचा, शोध लावला आणि १९६० मध्ये त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. कोठीत द्रवरूप हायड्रोजन ठेवायचा, शून्याखाली जवळजवळ अडीचशे अंश इतका थंड. त्यावरील दाब एकाएकी कमी केला की तो उकळण्याच्या बेतात येतो आणि नेमक्या त्या क्षणी आतून गेलेल्या विद्युतभारित कणाच्या वाटेवर बारीक बुडबुड्यांची माळ उमटते. लगेच दिवा चमकतो, निरनिराळ्या कोनांतून कॅमेरे छायाचित्रे टिपतात, दाब पुन्हा वाढतो आणि माळ विरून जाते. चुंबकीय क्षेत्रामुळे कणाची वाट वाकते. वाक किती, यावरून त्याचा संवेग काढता येतो. परंतु वेगवान कणाची वाट इतकी थोडी वाकते की फिल्मवर काही मायक्रॉनांची चूक झाली तरी सारे गणित कोलमडते. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. शिवाय फिल्म स्वतःच ताणली जाते, आकसते. म्हणून कोठीच्या काचेवर फुल्या कोरलेल्या असत आणि आधी त्या फुल्या मोजून मग वाटा मोजाव्या लागत.

आणि छायाचित्रे तरी किती? १९६४ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे ओमेगा-मायनस हा कण सापडला, तो सुमारे एक लाख छायाचित्रे धुंडाळल्यावर. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतील बेब्क या प्रचंड कोठीने १९७३ ते १९८४ या काळात त्रेसष्ट लाख छायाचित्रे दिली. ती फिल्म सलग पसरली तर तीन हजार किलोमीटर भरली असती. ही रिळे युरोपभरच्या विद्यापीठांना वाटली जात. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा गटही १९८० च्या दशकात सर्नच्या अशा प्रयोगांत सहभागी होता.

रिळे पाहणार कोण? बहुतेक ठिकाणी तरुण मुली. त्यांना स्कॅनर म्हणत. पदवीची अट नसे. खोली काळोखी, समोर पांढरे मेज, वरून त्यावर चित्राचा प्रकाश पडलेला. शंभर चित्रांतून एखाद्यात काही घडलेले असे. ते हेरायचे, नोंदवायचे आणि मग फुलीची दांडी वाटेवर एकेका बिंदूशी आणून मोजायचे. आमच्या बाई १९६३ मध्ये, चोविसाव्या वर्षी या मेजाशी बसल्या. पहिल्याच आठवड्यात प्रमुखांनी सर्व मुलींना एकत्र बोलावून सांगितले की हे काम तात्पुरते आहे, दोन वर्षांत यंत्र येईल.

यंत्राचे स्वप्न सर्वत्रच पाहिले जात होते. बर्कली येथे लुईस अल्वारेझ यांच्या गटातील जॅक फ्रँक यांनी बांधलेल्या मोजणीयंत्राला तर सहकाऱ्यांनी थट्टेने 'फ्रँकेनस्टाइन' असेच नाव दिले होते. पण त्यालाही माणूस लागे. १९६० च्या सुमारास पॉल हफ आणि ब्रायन पॉवेल यांनी सर्नमध्ये नवी युक्ती काढली. फिरत्या चकतीतील फटींतून प्रकाशाचा बारीक ठिपका फिल्मवरून ओळीओळीने धावायचा आणि संगणकाने त्यातून वाटा ओळखायच्या. (सरळ रेषा ओळखण्याची हफ यांनी शोधलेली रीत पुढे संगणकाच्या दृष्टिविद्येत अतिशय रूढ झाली. मूळ प्रश्न विसरला गेला, उत्तर टिकले.) मॅसॅच्युसेट्स येथील आयर्विन प्लेस यांनी कॅथोड किरणांच्या नळीवर भिस्त ठेवली. नळीच्या पडद्यावर ठिपक्याऐवजी आखूड रेघ उमटवायची आणि ती निरनिराळ्या कोनांतून फिरवायची. फिल्मवरील वाटेशी ती समांतर झाली की पलीकडे पोहोचणारा प्रकाश बदलतो. आद्याक्षरांवरून या यंत्राला 'पेप्पर', म्हणजे मिरी, म्हणत. संकल्पना १९६१ च्या सुमाराची; पण नित्याच्या कामाला जुंपण्याजोगे यंत्र व्हायला त्या दशकाचा मोठा भाग खर्ची पडला.

अडचण एका जागी नव्हती. इतक्या नेमक्या नळ्या बनविणारे कारखाने थोडे आणि गिऱ्हाइके मूठभर. पडद्याच्या कडेला रेघ किंचित वेडीवाकडी होई, म्हणून सबंध पडद्याचा दोषनकाशा करून संगणकाला शिकवावा लागे. भिंगे तितकीच निर्दोष हवीत, दिवसाचे तापमान बदलले तरी मोजमाप हलता कामा नये. आणि सर्वांत अवघड म्हणजे, यंत्राला बुडबुडा आणि फिल्मवरचा ओरखडा यांतला भेद कळत नसे. म्हणून हफ-पॉवेल यंत्रालाही सुरुवातीस आधी माणसाने ढोबळ 'रस्ता' आखून द्यावा लागे.

याच मुद्द्यावर दोन मोठ्या माणसांचे जमले नाही. सर्नमधील ल्यू कोवार्स्की यांना वाटे की ही सारी प्रगती माणसाला या कामातून वगळण्याकडेच चालली आहे आणि ते योग्यच आहे. अल्वारेझ यांचे मत उलट. आकृती ओळखण्याची देणगी माणसाला आयती मिळाली आहे, ती टाकून का द्यायची? मला अल्वारेझ अधिक पटतात. मात्र त्यांच्या म्हणण्यात त्या मेजाशी रात्रपाळी करणाऱ्या मुलीचे पाठीचे दुखणे जमेस धरलेले नाही, हेही खरे.

बाईंच्या प्रयोगशाळेने यंत्र काही अंशी विकत घ्यायचे आणि काही अंशी स्वतः बांधायचे ठरविले. त्या म्हणाल्या, "यातच सारे आले." पहिल्या वर्षी ग्रॅनाइटचा जड पाया आला आणि तो आत नेण्यासाठी दाराची चौकट तोडावी लागली. नळी दीड वर्ष उशिरा आली, ती सदोष निघाली, परत गेली. तोवर कोण्या परिषदेतून परतलेल्या प्राध्यापकांना अधिक चांगली रचना सुचली, म्हणून आराखडा बदलला आणि आधी मागविलेले भाग निरुपयोगी ठरले. दर डिसेंबरात मुलींना एका वर्षाच्या नेमणुकीचे पत्र मिळे आणि त्यासोबत, पुढील वर्षी यंत्र येत असल्याने मुदत वाढेलच असे नाही, अशी सूचना. अशी नऊ पत्रे त्यांनी जपून ठेवली होती. मला त्यांनी ती दाखविली. मजकूर एकच, फक्त तारीख निराळी. या पत्रांच्या भरवशावर बँक घरासाठी कर्ज देत नसे. बाईंचे लग्नही त्या काळात दोनदा पुढे ढकलले गेले.

यंत्राची जबाबदारी एका तरुण संशोधकावर होती. तो रात्री त्यांच्या मेजाशी येऊन बसे आणि विचारी, "वाट येथे मोडली, हे तुम्हाला कसे कळले?" एका संध्याकाळी दोघांनी मिळून कागदावर अकरा नियम लिहिले. पुढच्याच चित्रात त्यांतले तीन मोडले. त्याचा प्रबंध यंत्र पुरे होण्यावर अवलंबून होता. यंत्र पुरे होण्याआधी त्याची शिष्यवृत्ती संपली आणि तो शाळेत गणित शिकवू लागला. त्याच्याविषयी बोलताना बाई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

अखेर १९७२ मध्ये यंत्र चालू झाले. बाईंना दिवसभरात जेवढे मोजून होई, तेवढे ते घटकाभरात मोजी. निम्म्या मुलींना निरोप मिळाला. बाई राहिल्या, कारण यंत्राने नाकारलेली चित्रे कोणाला तरी सोडवावी लागत. "त्याला सगळे दिसे," त्या म्हणाल्या, "काय सोडून द्यावे, ते कळत नसे."

डोळे चुकत नाहीत असेही नव्हे. १९७३ च्या सुमारास आखेन येथे गार्गामेल कोठीच्या एका चित्रात न्यूट्रिनोने हलविलेला एकाकी इलेक्ट्रॉन ओळखला गेला आणि त्या वर्षी जाहीर झालेल्या उदासीन प्रवाहांच्या शोधाला मोठा आधार मिळाला. तपासणाऱ्या व्यक्तीने त्या चित्रावर आधी निराळीच नोंद केली होती. दुसऱ्याने पुन्हा पाहिले म्हणून ते हाती लागले. मी ही गोष्ट सांगताच बाई हसल्या. "पुन्हा पाहायला वेळ होता, हे तिचे भाग्य."

यंत्र रुळले तोवर फिल्मचेच दिवस भरत आले होते. जॉर्ज शार्पाक यांनी १९६८ मध्ये शोधलेल्या तारांच्या शोधकातून कणाची वाट थेट विजेच्या संकेतांच्या रूपाने संगणकात जाऊ लागली. तेथे ना रीळ, ना मेज. १९८२ मध्ये बाईंची खोली बंद झाली. ग्रॅनाइटचा पाया कोणाला उचलवेना, म्हणून तो अंगणात तसाच ठेवला आणि विद्यार्थी त्यावर बसून डबे खाऊ लागले.

मी निघालो तेव्हा बाईंनी खणातून वीतभर फिल्म काढली. पिवळसर पडलेली, कडेला ओरखडे. खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी ती माझ्या हाती दिली. मला रेघांचे जाळे तेवढे दिसले. त्यांनी चष्मा न लावताच करंगळीचे नख एका जागी टेकविले. "येथे," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळाने मलाही ते दिसले: एका रेघेची टोकाशी झालेली, जेमतेम जाणवणारी मोड.